भाकरीवरची बोटं

लग्नाकार्यात कुणी "या मानसशास्त्राच्या बरं का" अशी माझी ओळख करून दिली, की समोरचा माणूस आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग हसून म्हणतो, "बापरे! म्हणजे आमच्या मनातलं सगळं कळत असणार तुम्हाला!" अहो, कळत असतं तर अलिबागच्या बाजारात मला परवाची कोलंबी आजची म्हणून कुणी विकली असती का? मन ओळखणं हा माझा धंदा कधीच नव्हता. मी आयुष्यभर कॉलेजात प्रात्यक्षिकं घेतली. जिन्याखालच्या एका खोलीत, एक स्टॉपवॉच, आरशात बघून चांदणी गिरवायची एक चौकट आणि शब्दांच्या ढीगभर याद्या, एवढा माझा संसार. माणसं काय करतात ते मोजायचं, आणि मोजताना आपण स्वतःलाच तर फसवत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि तेवढंच मजेचंही!

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रयोग म्हणजे यंत्रं, तारा, पांढरे डगले. छे हो! प्रयोग म्हणजे एक गोष्ट मुद्दाम बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि मग काय होतं ते बघायचं. पाठ्यपुस्तकात याला 'स्वतंत्र परिवर्त्य' आणि 'आश्रित परिवर्त्य' अशी नावं आहेत. ती ऐकूनच अर्धा वर्ग पेंगायला लागायचा. मी सांगायची, "आपण हलवतो ते एक, आणि त्यामुळे हलतं ते दुसरं. तिसरं काही हललं, तर तुमचा प्रयोग गेला खाडीत."

आणि तिसरं काहीतरी हलतंच, मेलं! एकदा एका मुलाने मोठ्या ऐटीत निष्कर्ष काढला की गाणी ऐकत पाठ केलं तर जास्त लक्षात राहतं. यादी बघितली. शांततेत पाठ करायला दिलेले शब्द होते 'धैर्य', 'संकल्प', 'औदार्य'. गाणी लावून दिलेले होते 'पापलेट', 'सुरमई', 'हलवा', 'बोंबील'. आणि वर्गात निम्मी पोरं कोळीवाड्यातली! म्हटलं, "अरे बाबा, गाण्याने नाही, भुकेने लक्षात राहिलं हे." पोरगं इतकं हिरमुसलं, की शेवटी मीच त्याला कँटीनमध्ये वडापाव खाऊ घातला.

दुसरे एक गृहस्थ मांडव्याला जेट्टीजवळ हॉटेल चालवत. जुनी गाणी लावली की गिऱ्हाईक जास्त खातं, हे सिद्ध करून त्यांना त्याची पाटी लावायची होती. "मॅडम, फक्त सही करा." विचारलं, गाणी कधी लावता? तर म्हणे, शनिवार-रविवार. शनिवारी मुंबईची माणसं बोटी भरभरून उतरतात, हो! त्या दिवशी तुम्ही ताटली बडवलीत तरी माणसं जेवतीलच की! मी म्हटलं, मंगळवारी गाणी लावा आणि एखादा शनिवार गप्प बसा, मग बोलू. ते जे गेले, ते आजतागायत बोललेले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी जातं. एक प्रयोग मात्र असा झाला, की त्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा संसार पणाला लागला होता. तो माझ्या जिन्याखालच्या खोलीत झालाच नाही. झाला तो रेवसकडच्या एका कोळीवाड्यात, चुलीपुढे.

प्राची पोयनाडच्या बाजूची, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. प्रात्यक्षिकात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणीही काही निष्कर्ष काढला, की मागच्या बाकावरून हिचा आवाज, "मॅडम, पण दुसरं कारण असलं तर?" इतका वैताग यायचा आणि इतका आनंद व्हायचा! तिने पुढे नितेशशी लग्न केलं. तो कोळ्याचा मुलगा, बापाच्या बोटीवर इंजिन सांभाळणारा. लग्नात मी पोटभर जेवले आणि वय विसरून नाचलेसुद्धा.

मी निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात ती एका दुपारी माझ्या दारात उभी राहिली. चहा नको, पाणी नको. बसली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्यावर एक प्रयोग करायचाय."

झालं होतं असं. तिच्या सासरची बोट रोजच्या रोज जाऊन येणारी. पहाटे सुटायची, पहिलं जाळं टाकलं की ते पाण्यात असेपर्यंत मंडळी डबा उघडून जेवायची, मग जाळं ओढायचं आणि वाटलं तर आणखी एकदा टाकायचं. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बोट निघाली, तेव्हा नव्या सुनेचा मान म्हणून भाकरीचा डबा प्राचीच्या हातून गेला. नेमकं त्या दिवशी जाळं खडकात अडकून फाटलं. पुढे पुन्हा एकदा तिच्या हातची भाकरी गेली आणि बोट जवळजवळ रिकामी आली. झालं! कोळीवाड्यात कुजबुज सुरू झाली. सुनेच्या हाताला यश नाही, म्हणे. तिची भाकरी बोटीवर गेली की दर्या पाठ फिरवतो, म्हणे.

तिचे सासरे धर्मा नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, आणि बोट हाकणारे तांडेलही तेच. चांगला माणूस हो, हीच तर पंचाईत! वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "शिमग्यापर्यंत बघू. न्हायतं हंगाम संपेपर्यंत पोरीनं म्हायेरी राहावा." आता हंगाम संपेपर्यंत माहेरी पाठवलेल्या सुनेला पुढे भर पावसात आणायला कोण जातं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि नितेश बापापुढे तोंड उघडत नव्हता.

"मॅडम, माझी भाकरी गेली आणि मासळी भरपूर आली, असंही झालंय," प्राची म्हणाली. "ते कुणाच्याच ध्यानात नाही. सासूबाईंच्या भाकरीला बोट रिकामी आली तर म्हणतात, दर्याच तो. माझ्या भाकरीला आली की म्हणतात, बघ, बोललो न्हवतो!"

आहाहा! मला टाळीच वाजवावीशी वाटली. पोरगी रडायच्या बेतात होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अगदी बरोबर ओळखलंस! माणसाचं डोकं असंच चालतं. जुळलेलं लक्षात ठेवतं, न जुळलेलं सोडून देतं. यावर औषध एकच. आठवणीवर विसंबायचं नाही, मोजायचं.

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी थडकले. नाखवा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. सासू हिराबाई आणि प्राची, दोघींनी रोज एकाच उकडीच्या पिठाच्या भाकऱ्या करायच्या. कुणाच्या न्यायच्या ते नाणं उडवून ठरवायचं. डबा तोच, बंद, आणि द्यायला रोज हिराबाईच जाणार. बोटीवर कुणालाच सांगायचं नाही, भाकरी कुणाची. मासळीच्या पाट्या किती आल्या ते लिलावात मोजलं जातंच.

"दर्याला परीक्षेला बसवताय काय, म्याडम?" नाखवा म्हणाले. पण सुई थांबवून विचार केला त्यांनी. "बरा, करा. पन एक सांगतंय. जो आकडा येल, तो तुमी पन मानायचा."

"मानणार म्हणजे काय! मानलाच पाहिजे," मी छाती पुढे काढून म्हणाले. मला खात्रीच होती. दोन्हीकडे सारखंच येणार, दुसरं येणार काय?

उलटं आलं.

दिवाळीनंतर सुरू केलेलं ते संक्रांत होऊन गेली तरी चालू होतं. मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. प्राचीच्या भाकरीच्या दिवशी पाट्या कमी. योगायोग म्हणून सोडून द्यावं, इतका थोडका फरक नव्हता तो. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की निकाल आवडला नाही म्हणून फेकून द्यायचा नसतो. आता तोच निकाल माझ्या समोर बसला होता, आणि तो या पोरीला घराबाहेर काढणार होता. नाखव्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

प्राचीला मी म्हटलं, "आपण बंद करू. मी सांगते त्यांना, दिवस पुरेसे नव्हते म्हणून."

"मॅडम, तुम्ही असं बोलता?" ती म्हणाली. मग तिचं जुनंच पालुपद, "दुसरं कारण असलं तर?"

दुसरं कारण! पण कुठलं? डबा बंद. नाणं खरं. पीठ एक. हिराबाई चुगली करतील असं वाटेना, कारण निकाल ऐकून त्या स्वतःच गप्प झाल्या होत्या. मी ठरवलं, तिथे जाऊन बसायचं आणि बघायचं. वाऱ्यामुळे बोटी काठालाच होत्या अशा एका दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. हिराबाईंनी दोघींच्या भाकऱ्या एकाच टोपलीत ठेवल्या होत्या. माझ्या आणि नाखव्यांच्या ताटात एकेक आली. सुक्या बोंबलाचं कालवण, काय चव सांगू! नाखव्यांनी भाकरी उचलली, फिरवली आणि सहज म्हणाले, "ही सूनबायची."

माझा घास हातातच राहिला. "कशावरून?"

"अवो, बघा नं! काठाला जाडी, मधी बोटा उठल्यात. ती परातीत थापतं. आमची ही हातावर थापतं, कागदासारखी पातळ."

देवा रे देवा! मी इतकी शिकलेली बाई, मला भाकरी म्हणजे भाकरी. पण जन्मभर एकीच्या हातचं खाल्लेल्या माणसाला बंद डब्याने काय झाकणार होते मी? प्रत्येक भाकरीवर करणारीच्या हाताचा शिक्का होता, आणि मी म्हणत होते, कुणालाच कळत नाही!

"नाखवा," मी ताटावरून अर्धी उठलेच, "बोटीवर पण कळतं तुम्हाला, कुणाची भाकरी ते?"

"कलनार न्हाय तं काय? डबा उघडला की कलला."

"आणि मग?"

"मग काय? सूनबायची आसली की समजतो, आज काय भेटायचा न्हाय. हाय ता जाला ओढतो नि येतो घरा. उगाच दुसऱ्यांदा जाला टाकून डिझेल कशाला जालायचा?"

इतक्या निरागसपणे बोलला हो तो माणूस! आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मी ओरडलेच असेन, कारण प्राची आतून धावत आली. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. कधीपासून हसली नव्हती पोर.

मासळी कमी येत होती हे खरंच होतं. पण भाकरी बघून माणसं दुसरं जाळं न टाकताच परत फिरत होती, म्हणून कमी येत होती! अपयश प्राचीच्या हातात नव्हतं. नाखव्यांच्या समजुतीत होतं.

मी सगळं भराभरा समजावून सांगितलं. वाटलं, आता नाखवा कपाळावर हात मारून घेणार. ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, तुमी उलटा बोलताव. परत येतो म्हनून कमी न्हाय. कमी भेटतंय म्हनून परत येतो."

आता बोला! आणि गंमत म्हणजे हा आक्षेप अगदी रास्त होता. परीक्षेत कुणी लिहिला असता तर मी पूर्ण गुण दिले असते. प्राचीचा हात आणि नाखव्यांची समजूत, दोन्ही रोज एकत्रच बोटीवर जात होते. कशामुळे काय होतंय ते कसं कळणार? दोन्हींची फारकत करायला हवी होती. भाकरी प्राचीची, पण दिसायला हिराबाईंची. आणि भाकरी हिराबाईंची, पण दिसायला प्राचीची.

नाखवा जाळ्याकडे गेल्यावर मी ही कल्पना हिराबाईंच्या कानात सांगितली. त्या उसळल्याच. "मी आशी जाडी भाकर थापू? माजे हातानं? कोन बघला तं बोलल, हिराबाय म्हातारी झाली!"

"आई, मी शिकवीन," प्राची हळूच म्हणाली.

"तू मना भाकर शिकवशील?" असं म्हणून हिराबाई चुलीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, संपलं. बराच वेळ त्या लाकडं मागेपुढे करत राहिल्या. मग तशाच पाठमोऱ्या बोलल्या, "माजी सासू मना पांढऱ्या पायाची बोलायची. नितेस झाला, मग ती इसरली." लाकूड आत सारलं. "मी न्हाय इसरले. आन परात."

त्या क्षणी मी त्या बाईच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते.

मग सुरू झाली आमची खरी प्रयोगशाळा! हिराबाईंना परातीत थापायला लवकर जमलं, फक्त दर वेळी नाक मुरडायच्या. प्राचीला मात्र हातावरची भाकरी काही केल्या साधेना. पाण्याचा हात लावून, दोन्ही तळव्यांवर फिरवत फिरवत ती मोठी करायची असते. प्राचीची निम्म्यातच फाटायची आणि हिराबाई ओरडायच्या, "अगो, नाचव तिला, मारू नको!" मीही एकदा करून बघितली. ती थेट कोंबड्यांकडे गेली. दोघी सासवा-सुना इतक्या हसल्या, की ओट्यावरून नाखव्यांनी विचारलं, काय झाला.

तयार झालेला माल आधी तपासून घ्यायचा, हा माझा नियम. तपासणीला घेतला नितेश. प्राचीने केलेली पातळ भाकरी हिराबाईंनी त्याला वाढली. दोन घास खाऊन तो म्हणाला, "आई, तुझी भाकर आज लय मऊ झालीय गं!" हिराबाईंनी सुनेकडे असं काही बघितलं, की मला माझी खुर्ची सोडून बाहेर जावं लागलं. हसू कसं आवरायचं सांगा.

आता रोज दोन नाणी उडायची. एक हात कुणाचा ते ठरवायला, एक रूप कुणाचं ते ठरवायला. "एके भाकरीला दोन दोन नानी, लगीन लावायचा हाय काय तिचा?" हिराबाई पुटपुटायच्या, पण एक दिवस चुकवला नाही. यात फसवणूक होती, आणि ती मला टोचत होती. म्हणून मी पहिल्याच दिवशी दोघींकडून कबूल करून घेतलं होतं, निकाल काहीही लागो, शेवटी सगळ्यांना सगळं सांगायचं.

निकाल काहीही लागो! बोलायला काय जातं? एका संध्याकाळी प्राची मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मॅडम, या खेपेलाही माझाच हात वाईट निघाला तर?"

"तर तसंच सांगावं लागेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? माझा विश्वास होता की तसं होणार नाही. पण विश्वास तर नाखव्यांचाही होता. थोड्या दिवसांच्या मोजणीत दर्या कुणाचीही थट्टा करू शकतो, हे मला चांगलं माहीत होतं. मी जन्मभर शब्दांच्या यादीवर प्रयोग केले. यादी चुकली तर पोरगं हिरमुसतं, वडापाव खातं आणि विसरतं. इथे चुकलं असतं तर काय खायला घालणार होते मी हिला?

तिने मान डोलावली. "चालेल. नाहीतर जन्मभर तेच ऐकायचंय." आणि मागे वळून तरातरा घरी गेली.

त्यानंतरच्याच दिवसांत एकदा बोट पापलेटांनी भरून आली. अशी मासळी हंगामात कुणालाच मिळाली नव्हती. सगळा कोळीवाडा धक्क्यावर! नाखव्यांनी देवीला नारळ फोडला, आणि चारचौघांत हिराबाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "घरचे लक्षुमीचे हातची भाकर व्हती आज. जाला टाकतच राह्यलो." हिराबाई पदराचं टोक चावत उभ्या होत्या. प्राची आत निघून गेली. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. ती भाकरी कुणाची होती, ते तिला आणि सासूलाच ठाऊक होतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मला बोलावणं आलं. अंगणात घरची माणसं, बोटीवरची माणसं, शेजारपाजार. मी कागदावर मोठमोठे चार चौकोन काढून नेले होते, रंगीत खडूंनी. घसा खाकरून उभी राहिले. म्हटलं, "मंडळी, आधी आपण समजून घेऊ की..."

"बाय, तू बस," हिराबाई म्हणाल्या. "मी सांगतंय."

कागद हातात घेऊन मी मुकाट बसले. त्या कंबरेला पदर खोचून अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, लिलावात उभ्या राहतात तशा, आणि नवऱ्याकडे बघून बोलल्या. "पापलेट भेटलं, नारल फोरलास, त्या दिसाची भाकर आठवतं?"

"आठवतं. तुजी व्हती."

"माजी न्हवती. सुनेची व्हती. माजेसारखी हातावर थापलेली." त्या एक पाऊल पुढे सरकल्या. "आनि जाडी भाकर बघून सारखे लवकर घरा येत व्हतेस, त्यान्ली निम्मी माजी. परातीत थापलेली. म्हंजे माजा बी हात वाईट काय? सांग चार मानसांत."

मग मला उठून उभं राहावंच लागलं. मी चार चौकोन दाखवले. भाकरी पातळ दिसली की माणसं थांबत होती आणि पाट्या भरत होत्या, मग ती कुणीही केलेली असो. जाडी दिसली की परत फिरत होती, मग ती कुणीही केलेली असो. हाताने काही फरक पडत नव्हता. मी बोलत होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे नाखव्यांवर. नितेश मात्र एकदम म्हणाला, "म्हणजे ती मऊ भाकर...?" आणि प्राचीने पहिल्यांदा सगळ्यांदेखत त्याच्यावर डोळे वटारले. "बाबांना सांगायचं तेव्हा गप्प होतास. आता भाकरीवर बोलतोयस!" त्याने मान खाली घातली. बरं झालं!

नाखवा उठले. माझ्या हातून तो कागद घेतला, बघितला, परत दिला. ते सुनेसमोर जाऊन उभे राहिले. "तू हातावर थापलीस?"

"व्हय, बाबा."

"हिनं शिकवली?"

"व्हय."

त्यांनी तिच्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्याडमला बोललो व्हतो, आकडा मानीन. शिमगा झाला की पहिली बोट जाल, तवा भाकर तुजीच दे. तुजी म्हंजे तुजी. परातीतली. बोटा उठू दे तिच्यावर."

मी मुलांना नेहमी सांगत आले, प्रयोग संपला की प्रयोगशाळेतून बाहेर पडावं, त्या माणसांच्या घरात डोकावू नये. सांगणं सोपं असतं. शिमग्यानंतर बोट सुटली त्या दिवशी मी दुपारपासून धक्क्यावर हजर! हिराबाई होत्या, प्राची होती. रोज लवकर येणाऱ्या बोटी आल्या, त्यानंतरच्याही आल्या, लिलाव झाले. आमची बोट दिसेना. हिराबाई मधूनच डोळ्यांवर हात धरून बघायच्या. ऊन उतरायला लागलं, तेव्हा खाडीच्या तोंडाशी ती दिसली. म्हणजे जाळं पुन्हा पुन्हा टाकलं होतं तर! मी टाचा उंचावून अशी बघत होते, की निवृत्त बाईला ते शोभत नव्हतं.

बोट लागली. पाट्या खाली आल्या. थोड्याच होत्या, त्याही भरलेल्या नव्हत्या. बारीकसारीक मासळी, वर थोडी कोलंबी. माझा चेहरा पडला. धक्क्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक दिवस म्हणजे काहीच नाही, एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मला तिथे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ऐकणार कोण?

नाखवा उतरले. दमले होते. रिकामा डबा त्यांनी बायकोकडे न देता सुनेच्या हातात दिला. एकजण मुद्दाम मोठ्याने विचारत होता, "काय नाखवा, आज काय झाला?"

नाखव्यांनी वळून पाण्याकडे बघितलं. "आज दर्यानं दिला न्हाय," ते म्हणाले. "भाकर चांगली व्हती."